जतन केलेले जालपृष्ठ आणि दस्तऐवजाचा साचा : एका रूपांतराची चिकित्सा

प्रास्ताविक

आंतरजालावरील एखादे पृष्ठ जसेच्या तसे जतन करून ठेवणे ही एक क्रिया होय. त्या पृष्ठावरून पुढील कामासाठी साचा तयार करणे ही दुसरी. या दोन क्रियांमधील अंतर एका आज्ञेत ओलांडता येते, असा समज क्लाउडवरील रूपांतर सेवांमुळे रूढ होऊ लागला आहे. जतन केलेले पृष्ठ बहुधा एमएचटीएमएल या प्रकारच्या एकाच फाईलीत असते. ती फाईल दूरच्या संगणकाकडे पाठवायची, हवा असलेला प्रकार म्हणून वर्डचा साचा, म्हणजे डीओटी किंवा डीओटीएक्स, असे कळवायचे आणि काही क्षणांत तयार साचा परत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीकडे काम सोपविण्याच्या या ठरीव पद्धतीस एपीआय म्हणतात. अस्पोज कंपनीची 'वर्ड्स क्लाउड' ही अशा सेवांपैकी एक असून तिच्यात एमएचटीएमएल वाचण्याची आणि साच्याच्या स्वरूपात फाईल देण्याची सोय आहे.

महाविद्यालये, ग्रंथालये, स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या कार्यालयांत गेल्या दोन-अडीच दशकांतील परिपत्रके, अर्जांचे नमुने, सूचना या स्वरूपात साठलेल्या आहेत. त्यांतून नवे साचे घडविण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि या रूपांतराची चर्चा सामान्यतः वेग आणि सोय यांपुरतीच मर्यादित राहते. साचा म्हणून जे हाती येते तो खरोखर साचा असतो काय, आणि मराठी मजकुराचे या प्रवासात काय होते, हे दोन प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत चिकित्सा या दोन प्रश्नांपुरती आहे.

एकसंध फाईल : तिची घडण आणि तिची मर्यादा

जालपृष्ठ ही दिसावयास एक वस्तू असली तरी प्रत्यक्षात ती अनेक फाईलींची जुळणी असते. मजकूर एका ठिकाणी, चित्रे दुसऱ्या ठिकाणी, मांडणीचे नियम तिसऱ्या ठिकाणी. ही सारी गाठोड्यात बांधावी तशी एका फाईलीत बांधण्याची पद्धत ईमेलच्या क्षेत्रातून आली. ईमेलला जोडपत्रे लावण्यासाठी जी रचना वापरली जाते, तीच येथे वापरलेली आहे. १९९९ साली आरएफसी २५५७ या दस्तऐवजाने तिला निश्चित रूप मिळाले आणि त्याच वर्षी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने ती सामान्य वापरकर्त्याच्या हाती दिली. 'सेव्ह ॲज' म्हटले की एमएचटी फाईल तयार होत असे.

ही फाईल मुळात ईमेलसारखी असल्याने तिच्यातील मजकूर पुष्कळदा साध्या इंग्रजी चिन्हांच्या संकेतात लिहिला जातो, आणि येथेच देवनागरीचा पहिला संबंध येतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'कोटेड प्रिंटेबल' नावाच्या संकेतात प्रत्येक बाइटसाठी एक बरोबरचे चिन्ह आणि दोन षोडशमान अंक, अशी ३ अक्षरे लागतात. म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हास ९ अक्षरे झाली. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत; फाईलीत तो शब्द ९० अक्षरांचा होतो. या संकेतात ओळीची मर्यादा ७६ अक्षरांची असल्याने एकटा 'महाराष्ट्र' एका ओळीत मावत नाही, आणि ओळ एखाद्या अक्षराच्या ऐन मध्ये, त्याच्या पहिल्या व दुसऱ्या बाइटच्या दरम्यान, तुटू शकते. नीट लिहिलेली आज्ञावली आधी सर्व बाइट जोडून मगच अक्षरे वाचते. घाईने लिहिलेली आज्ञावली ओळीगणिक वाचते आणि मराठी मजकुरात अधूनमधून प्रश्नचिन्हांची चौकट उगवते. इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत हा दोष कधीही दिसणार नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दीर्घकालीन जतनासाठी ही फाईल अपुरी आहे, याविषयी या क्षेत्रात फारसा मतभेद नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था मोठ्या संग्रहासाठी वॉर्क नावाचा प्रकार वापरतात आणि २००९ मध्ये त्यास आयएसओ २८५०० हे आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. कार्यालयातील लिपिकाने मात्र वॉर्क कधी पाहिलेला नसतो. त्याच्या संगणकावर जे आहे ते एमएचटी. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररच्या शेवटच्या मुख्य आवृत्तीचा आधार बहुतेक संगणकांपुरता काढून घेण्यात आला. क्रोम आणि एज या फाईली उघडतात हे खरे. परंतु या फाईलींचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हापासून अधिक ठळक झाला. त्या वर्डमध्ये न्याव्यात, ही कल्पना या अस्वस्थतेतून आलेली आहे. तिला केवळ सोयीचा हव्यास म्हणून हिणवणे योग्य होणार नाही.

साचा म्हणजे काय

महाराष्ट्रातील वाचकास साच्याची कल्पना समजावून सांगण्यासाठी संगणकाकडे जाण्याची गरज नाही. सातबारा उतारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून होतो. सातमध्ये अधिकार अभिलेख, बारामध्ये पिकांची नोंद. यांतील 'नमुना' हा शब्द महत्त्वाचा आहे. नमुना म्हणजे रकान्यांची ठरलेली व्यवस्था : कोणती नोंद कोठे, कोणत्या क्रमाने, कोणत्या शीर्षकाखाली. भरलेला उतारा हा एका विशिष्ट जमिनीचा, विशिष्ट धारकाचा असतो. त्यातून नमुना परत मिळवायचा तर धारकाचे नाव, क्षेत्र, फेरफार क्रमांक ही सर्व माहिती काढून टाकून रकाने तेवढे ठेवावे लागतील. भरलेल्या उताऱ्याच्या माथ्यावर 'कोरा नमुना' असे लिहिल्याने तो कोरा होत नाही.

एपीआयद्वारे होणारे रूपांतर नेमके हेच करते. डीओटीएक्स ही फाईल वस्तुतः अनेक लहान फाईलींचे दाबून बांधलेले पुडके असते, आणि साधा वर्ड दस्तऐवज व साचा यांतील निर्णायक फरक त्या पुडक्यातील एका नोंदीत असतो. मुख्य भाग 'दस्तऐवज' आहे की 'साचा', एवढेच ती नोंद सांगते. ती बदलली की फाईल उघडल्यावर वर्ड मूळ फाईल न उघडता तिच्या आधारे नवा, बिननावाचा दस्तऐवज समोर ठेवतो. आतील मजकूर आहे तसाच राहतो. जुन्या परिपत्रकाचा जावक क्रमांक, त्यावरील दिनांक, तत्कालीन अधिकाऱ्याचे नाव, शुल्काची रक्कम, हे सारे नव्या प्रत्येक दस्तऐवजात निमूटपणे उतरते.

एखाद्या विद्यापीठाचे परीक्षा-अर्जाबाबतचे परिपत्रक या रीतीने साचा झाले असे समजावे. पुढील वर्षी लिपिक दिनांक बदलतो, कारण दिनांक डोळ्यांत भरतो. तिसऱ्या परिच्छेदातील विलंब शुल्क बदलायचे राहून जाते, कारण ते वाक्याच्या पोटात दडलेले असते. खऱ्या साच्यात ही रक्कम वाक्यात राहिलीच नसती. तिच्या जागी भरावयाची चौकट असती आणि ती रिकामी राहिल्याचे उघड दिसले असते. वर्डच्या २००७ च्या आवृत्तीपासून अशा चौकटी घालण्याची चांगली सोय उपलब्ध आहे. तथापि कोणता शब्द कायमचा आणि कोणता तात्पुरता, हे ठरविण्यासाठी परिपत्रक समजावे लागते. रूपांतर करणाऱ्या सेवेला ते समजलेले नसते आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून नाही. तक्रार असलीच तर ती 'साचा' या शब्दाच्या सैल वापराविषयी आहे.

साच्याचे दुसरे अंग म्हणजे शैली. वर्डच्या परिभाषेत शीर्षक, उपशीर्षक, मुख्य मजकूर यांना नावे दिलेली असतात आणि रूप त्या नावांना जोडलेले असते; एका ठिकाणी बदल केला की सर्व शीर्षके बदलतात. जालपृष्ठांतही रचना आणि रूप वेगळे ठेवण्याचे तत्त्व जुनेच आहे. रूपाचे नियम स्वतंत्रपणे लिहिण्याच्या सीएसएस या पद्धतीचा पहिला स्तर डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवहारात मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे पृष्ठे तक्त्यांत तक्ते घालून रचली जात आणि शीर्षक म्हणजे केवळ मोठे व ठळक केलेले अक्षर असे. अशा पृष्ठाचे रूपांतर पडद्यावर हुबेहूब दिसते. शैलींची यादी उघडून पाहिली तर तेथे सर्व मजकूर 'सामान्य' या एकाच नावाखाली आणि प्रत्येक ओळीवर रूपाचे सुटे थर. अनुक्रमणिका काढू जावे तर शीर्षक एकही सापडत नाही. ज्या पृष्ठांच्या कर्त्यांनी शीर्षकांच्या खुणा रीतसर दिल्या होत्या, त्यांच्या वाट्याला हे दुर्दैव येत नाही. त्यांची शीर्षके वर्डमध्येही शीर्षके म्हणूनच येतात. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या अनाम कर्मचाऱ्याची शिस्त अशी आज उपयोगी पडते.

मराठी मजकुराचा प्रवास

येथवरचे दोष कोणत्याही भाषेस लागू आहेत. मराठीचा प्रश्न याहून खोल आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी पृष्ठे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. फाईलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक लिहिलेले असत आणि फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवीत असे. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पृष्ठासोबत तो उतरवून घेण्याचीही सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट या साधनाने त्यासाठी ईओटी प्रकारच्या फाईली तयार करता येत. त्या काळातील मराठी वृत्तपत्रे व संस्था यांच्या पृष्ठांचा मोठा भाग या पद्धतीने लिहिला गेला आहे.

असे पृष्ठ रूपांतर सेवेकडे गेले म्हणजे तिला त्यात मराठी दिसतच नाही. तिला दिसतात ती इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे यांची अर्थहीन रांग आणि एका अनोळखी फॉन्टचे नाव. तो फॉन्ट तिच्या संगणकावर नसल्यास ती दुसरा, बहुधा एखादा सामान्य इंग्रजी फॉन्ट, योजते. परत आलेल्या साच्यात मराठी परिपत्रकाच्या जागी कचरा असतो. सेवेच्या लेखी मात्र काम पूर्ण झालेले असते. ती २०० हा यशाचा क्रमांक पाठविते, आणि शेकडो फाईलींची रांग तपासणारी आज्ञावली तो क्रमांक पाहून पुढे जाते. फाईल मिळाली, एवढाच त्या क्रमांकाचा अर्थ आहे. मजकूर वाचनीय आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा तर अक्षरास अक्षर अशी सरळ अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठविलेला असतो, युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. 'किती' शब्दातील ऱ्हस्व वेलांटी दिसते 'क'च्या आधी, म्हणून जुन्या फाईलीत ती आधी येते. युनिकोडमध्ये ती 'क'नंतर येते. 'कर्म'मधील रफार नेमका याच्या उलट : जुन्या फाईलीत 'म'नंतर, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. ही कामे करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. परंतु त्या रूपांतरापूर्वी, मूळ पृष्ठावर चालविल्या पाहिजेत. फॉन्टची खूण पुसली गेल्यानंतर कोणता तक्ता लावावा हे समजण्याचा मार्गच उरत नाही.

युनिकोडमधील पृष्ठे सुरक्षित आहेत असे मानण्याचेही कारण नाही. मराठीतील 'दऱ्या' आणि 'दर्या' हे भिन्न शब्द आहेत. एकात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. पहिल्यातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरला जातो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. जालपृष्ठातील अनावश्यक गोष्टी 'साफ' करणाऱ्या आज्ञावली अदृश्य चिन्हांना पुष्कळदा कचरा समजतात. ते चिन्ह गेले की दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणी येथे मदतीस येत नाही, कारण 'दर्या' हाही शुद्ध शब्दच आहे. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' या जोडीतही हेच घडते, आणि स्वयंपाक्यास द्यावयाचे मानधन आचार्यांच्या नावे लागते!

भाषेच्या खुणेचेही असेच आहे. पृष्ठावर भाषा मराठी अशी नोंद असेल, तर ती ओळखणाऱ्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दिसतात. नसेल तर हिंदी वळणे येऊ शकतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी लिपीच्या प्रमाणीकरणाचा विचार झालेला असल्याने शासकीय पत्रव्यवहारात ही बाब गौण म्हणता येत नाही. शिवाय वर्डच्या फाईलीत इंग्रजीसारख्या लिपींचा फॉन्ट व आकार आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपींचा फॉन्ट व आकार यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. भाषेची खूणही वेगळी असते. तिचे नाव तर उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींवरून पडलेले आहे. रूपांतरात केवळ पहिली नोंद भरली गेली, तर इंग्रजी शीर्षक चौदा मापात आणि त्याच ओळीतील मराठी शीर्षक मूळच्या लहान मापात, असा विचित्र प्रकार उद्भवतो. पुष्कळ कार्यालयांत तो 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणून हाताने दुरुस्त केला जातो आणि दर वेळी नव्याने होतो, कारण दोष साच्यातच असतो.

हरवलेली पुष्पिका

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असे. पोथी कोणी, केव्हा, कोठे, कोणासाठी लिहिली याची ती नोंद. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास तिचे मोल वेगळे सांगावयास नको. एमएचटीएमएल फाईलीच्या आरंभीही अशीच एक पुष्पिका असते. पृष्ठ कोणत्या पत्त्यावरून घेतले, कोणत्या दिवशी व वेळी जतन केले, कोणत्या न्याहाळकाने केले, पृष्ठाचे शीर्षक काय होते, हे तेथे लिहिलेले असते. वर्डच्या साच्यात या नोंदींना आपोआप मिळणारी जागा नाही. गुणधर्मांच्या यादीत त्या हेतुपुरस्सर लिहाव्या लागतात. न लिहिल्यास त्या जातात. शासकीय मजकुराच्या बाबतीत ही हानी लहान नाही. परिपत्रकातील एखादा शब्दप्रयोग मूळचा की नंतर घुसलेला, हे ठरविण्याचा आधारच त्यामुळे नाहीसा होतो.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून उचललेल्या पृष्ठाबाबत आणखी काळजी घ्यावी लागते. तेथील पत्त्यात १४ अंकी काळाची खूण असते : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. त्याचबरोबर ते पृष्ठ दाखविताना माथ्यावर संग्रहाची स्वतःची पट्टी येते आणि आतील दुवे संग्रहाकडे वळविलेले असतात. ते तसेच जतन करून रूपांतरित केले तर परकी पट्टी साच्याचा भाग होऊन बसते. जी चित्रे फाईलीत नाहीत ती रूपांतराच्या वेळी जालावरून ओढून आणण्याची मुभा सेवेस दिलेली असेल, तर २००४ च्या मजकुराशेजारी आजचे बोधचिन्ह येऊन बसेल. असा दस्तऐवज कोणत्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हता. संग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट चित्र न दिसण्यापेक्षा अधिक गंभीर आहे, कारण रिकामी चौकट निदान खोटे बोलत नाही.

सेवेचा योग्य वापर

या चिकित्सेचा अर्थ अशा सेवा टाकाऊ आहेत असा नाही. हजारो पृष्ठे हाताने उतरविणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही, आणि तक्ते, याद्या, चित्रे यांचे स्थलांतर या सेवा बऱ्याच प्रामाणिकपणे करतात. प्रश्न कामाच्या क्रमाचा आहे. आधी लिपी तपासून आवश्यक तेथे युनिकोडमध्ये आणावी. मग एपीआयकडून साधा वर्ड दस्तऐवज घ्यावा, साचा नव्हे. त्या दस्तऐवजात पुष्पिकेतील नोंदी लिहाव्यात, शीर्षकांना शैली द्याव्यात, बदलणारा मजकूर ओळखून त्याच्या जागी चौकटी घालाव्यात, आणि या सर्वांनंतर त्यास साचा हे नाव द्यावे. यांतील मधले काम विषय जाणणाऱ्या माणसाचे आहे. दहा-वीस पृष्ठांचाच प्रश्न असेल तर क्लाउडची गरजही नाही. वर्ड स्वतः एमएचटी फाईल उघडतो.

क्लाउडकडे काय पाठवावे, याचाही विचार आवश्यक आहे. जतन केलेल्या पृष्ठांत विद्यार्थ्यांच्या निवड याद्या, बैठक क्रमांक, जातप्रवर्गाचे उल्लेख असतात. ते एके काळी सूचना फलकावर जाहीर होते, म्हणून ते आज परक्या संगणकाकडे पाठविण्यास हरकत नाही, हा युक्तिवाद २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमानंतर सहज मांडता येणार नाही. साचा करावयाचा तर ती नावे तशीही काढावयाचीच आहेत. ती पाठविण्यापूर्वी काढली तर दोन्ही कामे एकदम होतात.

रूपांतर कितीही चांगले झाले तरी मूळ एमएचटी फाईल पुसू नये. जुन्या फॉन्टमधील पृष्ठांबाबत तर मुळीच नाही. तिच्यातील अक्षरांचे क्रमांक आणि फॉन्टचे नाव आज निरुपयोगी वाटतात. पण त्या फॉन्टचा तक्ता उद्या कोणाच्या हाती लागला, तर तो लावून पाहण्याजोगा मजकूर त्या एकाच फाईलीत उरलेला असेल.